पाण्यावरचं धुकं लिहायचं कसं? नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

सकाळी पाण्यावर धुकं दिसलं की लिहावंसं वाटतं, आणि लिहायला बसलं की पहिली ओळ हमखास येते ती ‘धुक्याची दुलई पांघरून’ अशी. माझ्या जुन्या वहीत ही दुलई एकाच महिन्यात तीनदा आली आहे. त्या तीन सकाळी एकमेकींपेक्षा वेगळ्या होत्या, एवढं मला आठवतं. कशा वेगळ्या होत्या, ते मात्र वही सांगत नाही. त्या तिन्ही सकाळी माझ्या हातून गेल्या, याची रुखरुख अजून आहे.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो आणि नव्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो: धुक्याला विशेषण शोधायच्या आधी क्रियापद शोधा. धुकं कसं आहे हा प्रश्न मागाहून. आधी ते करतंय काय?

आधी बघा, धुकं आलं कुठून

काठावर पोचलात की लगेच वही उघडू नका. पाच मिनिटं नुसतं बघा आणि एवढंच ठरवा, की हे धुकं पाण्यातून निघतंय की काठावरून पाण्यावर येतंय. या दोन गोष्टी दिसायला जवळच्या असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे.

पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या चार-पाचपट उष्णता ते पोटात धरून ठेवतं. त्यामुळे निरभ्र, थंड रात्रीनंतर हवा पार गारठलेली असते, पण तळ्याचं पाणी तिच्यापेक्षा उबदार राहिलेलं असतं. त्या पाण्याची वाफ गार हवेत मिसळली की तिथल्या तिथे तिचे बारीक थेंब होतात. हे बाष्प धुकं. ते पाण्याला चिकटून असतं, सुट्या सुट्या धारांनी वर उठतं, आणि बहुतेकदा कंबरेएवढ्या उंचीवर पोचेपर्यंत नाहीसंही होतं. आंघोळीच्या गरम पाण्यावरची वाफ आठवा. घडतं तेच, फक्त इथे पाणी तळंभर आणि सगळं फार सावकाश.

दुसऱ्या प्रकारात रात्रभर जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखीच उताराने खोलगट जागी जाऊन साचते. नदीचं पात्र ही त्या परिसरातली सगळ्यात खोलगट जागा. त्यामुळे धुकं आजूबाजूने तिथे येऊन भरतं. हे सलग असतं, त्याला वरून सपाट पाठ असते, आणि त्यात काठ, झाडं, नावा सगळं एकदम जातं.

एकाच सकाळी दोन्ही प्रकार असू शकतात. तरीही पहिला प्रश्न हाच ठेवा, कारण पुढचे निम्मे शब्द त्याच्या उत्तरावरून ठरतात.

ल्यूक हॉवर्ड नावाच्या, औषधांचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने १८०२ साली लंडनमध्ये एक व्याख्यान दिलं आणि ढगांना नावं दिली. आजही हवामानशास्त्र त्याच नावांवर उभं आहे. ढग कसा जमतो आणि कशाचं काय होत जातं, हे बघून त्याने ती नावं ठरवली होती. रात्री सखल जागी आणि पाण्यावर साठणारं धुकंही त्याने ढगांतच धरलं. नाव देण्याआधी चाल बघायची, ही त्याची रीत लिहिणाऱ्याने उचलण्यासारखी आहे.

मग नाव

नुसतं ‘धुकं’ पुष्कळदा पुरतं. पण मराठीत शेजारचे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

‘धुई’ आणि ‘धुवारी’ हे बोलीतले शब्द. ते शेतकऱ्यांच्या तोंडी जास्त असतात आणि त्यांना पिकाच्या काळजीचा वास असतो. तुमच्या घरात हे शब्द बोलले जात असतील तर खुशाल वापरा. नसतील तर सजावटीपुरते आणू नका. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

‘दव’ किंवा ‘दहिवर’ म्हणजे गवतावर, पानांवर जमलेले थेंब. ते हवेत तरंगत नाही. ‘मळभ’ आभाळात असतं, आणि ‘झाकोळ’ म्हणजे त्याने उजेड मंद होणं. पाण्यावर मळभ आलं असं लिहिलंत तर वाचणारा वर बघेल.

संस्कृतातून घेताना सावध राहा. अमरकोशात अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका असे शब्द एकाच रांगेत दिले आहेत. दव, धुकं आणि बर्फ तिथे एका कुटुंबातले आहेत. मराठीत मात्र ते कुटुंब कधीच वेगळं झालं. ‘तुषार’ म्हटलं की आपल्याला कारंजं किंवा धबधब्याजवळचे उडते थेंब दिसतात. ‘तळ्यावर तुषार पसरले होते’ हे वाचून कुणालाही धुकं दिसणार नाही.

आणि ‘वाफ’. हा साधा शब्द नवे लिहिणारे घेत नाहीत, का कोण जाणे. बाष्प धुक्याला याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. शिवाय त्याचं अनेकवचन होतं. ‘धुकं’ म्हणजे एक सलग गोष्ट. मोजता येत नाही. ‘वाफा’ म्हटलं की सुट्या सुट्या दिसतात. ‘तळ्यावर धुकं होतं’ आणि ‘तळ्यातून वाफा निघत होत्या’ या दोन वाक्यांत दोन वेगळी तळी आहेत.

क्रियापद: इथे थांबा, इथेच जास्त वेळ घालवा

‘धुकं पसरलं होतं’ हे सगळ्यात आधी सुचतं. ते चूक नाही, पण ते शेवट सांगतं. पसरून झालं, आता काही घडत नाही. तुमच्यासमोर तर घडतंय.

पडणं, उतरणं, साचणं, दाटणं, उठणं, चढणं, सरकणं, रेंगाळणं, तरंगणं, फाटणं, पांगणं, ओसरणं, निवळणं, विरणं. यातला प्रत्येक शब्द कशाला तरी बांधलेला आहे. ती गाठ ओळखली की निवड आपोआप होते.

धुकं ‘पडतं’ तसंच दव पडतं, थंडी पडते. पडणारी गोष्ट बाहेरून येऊन बसते. म्हणून पाण्यातून निघणाऱ्या वाफेला ‘पडलं’ म्हणताना जीभ अडली पाहिजे. ते ‘उठतं’, ‘निघतं’. डोंगराच्या अंगाने येणारं ‘उतरतं’. पात्रात भरलेलं ‘साचतं’, आणि हा शब्द शब्दशः खरा आहे, कारण गार हवा खरोखरच पाण्यासारखी साचलेली असते.

‘ओसरणं’ पुराचं आहे. पातळी खाली जाते, कडा मागे हटतात, बुडालेलं वर येतं. झाडांचे शेंडे आधी दिसले, मग फांद्या, मग बुंधे, असं घडलं तरच ‘ओसरलं’ लिहा. ‘पांगणं’ गर्दीचं आहे. धुक्याचे पुंजके होऊन ते वेगवेगळ्या दिशांना गेले तर ते पांगलं. ‘निवळणं’ मुळात पाण्याचं. गढूळ पाणी स्थिरावलं की निवळतं. हवेलाही आपण तोच शब्द वापरतो, त्यामुळे पाण्यावरचं धुकं निवळलं म्हणताना पाणी आणि हवा एकाच शब्दात येतात. असा योग फुकट घालवू नये.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘विरणं’. जुनं कापड विरतं तेव्हा एकदम फाटत नाही. धागा धागा झिजत जातो, एक दिवस त्यातून पलीकडचं दिसू लागतं. ऊन आल्यावर पाण्यावरचं धुकं नेमकं तसंच जातं: आधी त्यातून पलीकडचा काठ दिसू लागतो, धुकं मात्र अजून असतंच.

इथे मराठी आणखी एक देणगी देते. मुख्य क्रियापद तेच ठेवून जोडीचं क्रियापद बदला:

धुकं विरू लागलं.
धुकं विरत चाललं.
धुकं विरत आलं.
धुकं विरून गेलं.

पहिल्यात सुरुवात आहे. दुसऱ्यात ते आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. तिसऱ्यात शेवटचं थोडं उरलंय. चौथ्यात काठ मोकळा आहे. अर्ध्या तासाची गोष्ट एकाही विशेषणाशिवाय सांगून झाली. नवीन असाल तर आठवडाभर एवढाच सराव करा: रोज एक क्रियापद घ्या आणि ते असं चार अवस्थांतून फिरवून बघा. ‘दाटणं’ फिरवताना लक्षात येईल की ‘दाटत आलं’ अगदी स्वाभाविक वाटतं, पण तिथे अर्थ संपण्याचा न राहता भरून येण्याचा होतो. हे कोशात शोधून सापडत नाही, कानालाच कळतं.

‘तरंगणं’ वापरायला कचरू नका, त्यात अतिशयोक्ती नाही. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो आणि खाली येण्याचा त्याचा वेग सेकंदाला काही मिलिमीटर इतकाच. हवेची जरा हालचाल असली की तो पडतच नाही. मात्र ‘जड धुकं’ लिहिताना विचार करा. खोलीभर धुक्यातलं सगळं पाणी गोळा केलं तर जेमतेम एक-दोन चमचे भरेल. मनावर जड वाटलं असेल तर तसं लिहा, पण ते मनाचं आहे हे वाक्यात कळू द्या.

काय दिसत नाही, ते लिहा

‘दाट’ हा शब्द मोजमापाशिवाय पोकळ आहे. हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतात. त्यापलीकडचं दिसत असेल तर ते विरळ. लिहिणाऱ्याला किलोमीटरचा उपयोग नाही, पण रीत उपयोगी आहे: कुठपर्यंत दिसतंय आणि कुठे थांबतंय? पलीकडचा काठ आहे का? नावेचं पुढचं टोक दिसतं आणि मागचं नाही, असं आहे का? दोरी खुंट्यापासून निघते आणि कुठे नाहीशी होते?

धुकं स्वतः फारसं दिसत नाही. त्याने खाल्लेल्या गोष्टींच्या कडा दिसतात. म्हणून तीन वस्तू निवडा, एक हाताशी, एक मध्ये, एक लांब, आणि त्यांचं काय झालंय तेवढंच टिपा.

इथे चार शब्द सरमिसळ होतात. ‘धूसर’ हा रंग आहे, मुळात धुळीचा. ‘अंधुक’ म्हणजे उजेड कमी. ‘पुसट’ म्हणजे रेघ पुसल्यासारखी. ‘धुरकट’ला धूर लागतो. पलीकडची झाडं पुसट होती, की अंधुक? उजेड भरपूर असूनही कडा गेल्या असतील तर पुसटच.

रंग

यावर थोडक्यात. थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुक्याला स्वतःचा रंग नाही. समोर जो उजेड असेल तो ते घेतं. सूर्योदयाआधी निळसर किंवा राखी, मग क्षणभर तांबूस, नंतर पांढुरकं. मराठीतले ‘-सर’, ‘-ट’, ‘-उरकं’ हे शेपटीचे प्रत्यय अशा अर्ध्या रंगांसाठीच आहेत. पांढरंशुभ्र पहाटे क्वचितच असतं. सूर्याच्या दिशेने बघितलं तर तेच धुकं उजळ दिसतं, पाठ फिरवली की मंद. म्हणून कुठे तोंड करून उभे आहात ते वहीत लिहून ठेवा.

पाठ फिरवाच, कारण कधीकधी तिकडे पांढरं धनुष्य उमटलेलं असतं. थेंब फार बारीक असल्याने त्यातले रंग एकमेकांत मिसळून जातात. आपली सावली धुक्यावर पडली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं दिसलं, तर त्याला मराठीत इंद्रवज्र म्हणतात.

वेळेचे शब्द

‘सकाळी’ या शब्दात दोन तास मावतात आणि त्या दोन तासांत धुक्याचं सगळं आयुष्य होऊन जातं. आपल्याकडे पायऱ्या तयार आहेत: पहाट, झुंजूमुंजू, फटफटणं, तांबडं फुटणं, मग कोवळं ऊन, मग उन्हं वर येणं. घड्याळाची वेळ वहीत ठेवा, लेखात या पायऱ्या वापरा.

एक गोष्ट अनेकांना चकवते. सूर्य उगवला की धुकं लगेच जातं, असं गृहीत धरून लोक लिहितात. प्रत्यक्षात उगवतीनंतर थोडा वेळ ते पुष्कळदा आणखी दाटतं, कारण सगळ्यात गार वेळ त्याच सुमाराची असते आणि पहिल्या उन्हाने हवा हलू लागते. ज्याने हे बघून लिहिलंय त्याच्या ओळीवर विश्वास बसतो.

कान आणि कातडी

डोळ्यांना काही दिसत नाही तेव्हा कान पुढे येतात. शांत, थंड पहाटे वरच्या हवेपेक्षा खालची हवा गार असते, त्यामुळे आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून लांबचं बोलणं जवळ ऐकू येतं. डुबुक, चुबुक, सपसप हे शब्द पोरकट समजून गाळू नका. वल्ह्यावरून गळणारं पाणी ‘टपटप’ करतं की ‘ठिबकतं’, हा विचार अर्धा मिनिट तरी करा. स्पर्शासाठी ‘थंड’ सोडून ‘सर्द’ आठवा. त्यात ओल आणि गारवा दोन्ही आहेत.

उपमा सगळ्यात शेवटी

दुलई, चादर, शाल, पदर. या उपमा मुळात वाईट नाहीत. दुलई झोपलेल्यावर असते, ती हलत नाही, तिच्याखाली ऊब असते. वाऱ्याचा लवलेश नसताना उंचावरून खाली भरलेलं पात्र दिसलं, तर दुलई कदाचित बसेलही. पण तुमचं धुकं उठतंय, कलतंय, तुटतंय, तर दुलई त्या वाक्यात मरून पडेल.

कसोटी सोपी आहे. आधी निवडलेलं क्रियापद उपमेला लावून बघा. दुलई उठते का? पिंजलेला कापूस विरतो का? बसलं तर ठेवा, अडलं तर उपमा काढा, क्रियापद काढू नका. ‘स्वर्ग अवतरला’, ‘निसर्गाची किमया’, ‘मन मोहून गेलं’ या ओळी मात्र सरळ खोडा. त्या तुमच्या आनंदाबद्दल आहेत. वाचणाऱ्याला पाणी हवंय.

एक सकाळ, जवळून

हा माझ्या एका सकाळचा पहिला खर्डा: ‘सकाळी तळ्यावर दाट धुके पसरले होते. एक बगळा ध्यानस्थ उभा होता. दृश्य अतिशय मनोहर होते.’

आणि त्याच सकाळी वहीत टिपलेल्या गोष्टी: फटफटतंय. वाफा पाण्यातून, हातभर उंच. पलीकडचा काठ दिसतो, पाणी दिसत नाही. बगळ्याला पाय नाहीत. झुळूक आली की सगळ्या वाफा एका बाजूला. मधूनच काळं पाणी.

वही खर्ड्यापेक्षा कितीतरी पुढे होती. ‘बगळ्याला पाय नाहीत’ हे मी डोळ्यांनी लिहिलं होतं, ‘ध्यानस्थ’ सवयीने. दुसऱ्यांदा असं लिहिलं:

‘नुकतं फटफटत होतं. तळ्यातून हातभर उंचीच्या वाफा निघत होत्या आणि वर जाता जाता नाहीशा होत होत्या. त्यांच्यावर बगळा ठेवल्यासारखा दिसत होता, बिनपायांचा. झुळूक आली. सगळ्या वाफा पलीकडच्या काठाकडे कलल्या, मधलं पाणी काळंभोर उघडलं आणि त्यात त्याचे दोन्ही पाय होते.’

यात ‘दाट’ नाही, ‘सुंदर’ नाही, धुकं हा शब्दही नाही. ‘काळंभोर’ मात्र मुद्दाम ठेवलंय, कारण वाफांमुळेच ते पाणी तितकं काळं दिसलं. ‘ठेवल्यासारखा’वर मी बराच अडखळलो. आधी ‘तरंगत होता’ होतं, पण तरंगणारी वस्तू थोडी तरी हलते, आणि तो अजिबात हलत नव्हता.

तुमचा खर्डा झाला की मोठ्याने वाचा. जिथे श्वास नको तिथे तुटतो, ते वाक्य लांबलंय. जिथे एकाच सुरात तीन वाक्यं ‘होतं’वर संपतात, तिथे एक वाक्य फिरवा. मग तो कागद दोन दिवस बाजूला ठेवा.

धुकं गेल्यावर निघून येऊ नका

बहुतेक जण इथे वही मिटतात. आणखी दहा मिनिटं थांबा. धुकं गेलं तरी त्याचं पाणी मागे राहिलेलं असतं: दोरीच्या खालच्या अंगाला रांगेने लोंबणाऱ्या थेंबांत, नावेच्या काठावर, तुमच्या भुवयांत. दोन लव्हाळ्यांच्या मध्ये कोळ्याचं जाळं असेल तर रात्रभर न दिसलेला त्याचा प्रत्येक धागा आता मोजता येतो. ऊन चढलं की थेंब सुकू लागतात. कुठला आधी जातो, मधला की कडेचा, ते बघा आणि लिहून ठेवा.